घोडखिंडीचा देखावा कसा उभारावा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात पेठापेठांतून मातीचे ढीग दिसू लागतात. अंगणात, बोळाच्या तोंडाशी, तालमीच्या कट्ट्यालगत, वाड्याच्या चौकात मुलांचे किल्ले उभे राहतात. दगडविटांचा गाभा, त्यावर चिखलात बुडविलेली गोणपाटे, गोणपाटांवर तांबड्या मातीचा लेप आणि लेपावर विखुरलेले हळीव, असा या बांधकामाचा परंपरेने चालत आलेला क्रम आहे. चार दिवसांत हळीव उगवून डोंगर हिरवा होतो. कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजांवर पहाऱ्यास उभे राहतात आणि सर्वांत वर सिंहासनावर श्रीशिवाजीमहाराजांची मूर्ती विराजमान होते. पाश्चात्त्य देशांत पुष्कळ हौशी लोक शिशाची वा लाकडाची माणसे जमवून लढाईचे देखावे मांडितात व त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहितात. आमच्याकडे तोच छंद सणाचा एक भाग होऊन बसला आहे, आणि त्यासाठी मुलांस कोणी ग्रंथ वाचावयास सांगत नाही.

या किल्ल्यांची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी आगगाडी असते, माचीवर क्रिकेटचा सामना चाललेला असतो, बाजूच्या गुहेतील वाघ दरवाजावरील पहारेकऱ्याहून दांडगा असतो. हे सर्व बालपणाचे हक्क म्हणून सोडून देता येईल. परंतु किल्ला पन्हाळा म्हणून बांधावा, पाटीवर वेढ्याचे साल १६६० लिहावे, आणि वर सिंहासन मांडावे, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. राज्याभिषेक १६७४ सालचा. वेढ्याच्या वेळी त्यास चौदा वर्षे अवकाश होता. शिवाय ज्या किल्ल्यास वेढा पडला आहे असे आपण म्हणतो त्याच्या भोवती एकही शत्रू नसतो, कारण बाजारात शत्रू विकत मिळत नाहीत. असा किल्ला पाहून मन प्रसन्न होते खरे, परंतु त्या रात्री कोणावर काय प्रसंग आला होता हे काही केल्या कळत नाही.

ज्या विद्यार्थ्यांस शाळेच्या प्रदर्शनाकरिता अथवा एखाद्या स्पर्धेकरिता युद्धप्रसंगाचा खराखुरा देखावा उभारावयाचा असेल, त्यांनी एक स्थळ, एक क्षण व एक प्रमाण ही तीन बंधने स्वीकारावीत, असे आम्ही सुचवितो. उदाहरणार्थ आमच्याच जिल्ह्यातील घोडखिंड घेऊ.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. तरी देखाव्यास आवश्यक तेवढा भाग पुन्हा सांगतो. अफझलखानाच्या वधानंतर १६५९ च्या नोव्हेंबरात पन्हाळा महाराजांच्या हाती आला. पुढील वर्षीच्या मार्च महिन्यात विजापूरकरांचा सरदार सिद्दी जौहर याने किल्ल्यास वेढा घातला. पाऊस लागला की वेढा ढिला पडेल अशी आशा होती. परंतु सिद्दीने छपऱ्या उभारून वेढा तसाच आवळून धरिला. राजापूरच्या वखारीतील इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन याने तोफा व गोळे आणून सिद्दीस साह्य केले, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढील वर्षी राजापूरच्या वखारीस भोगावे लागले. १२ जुलै १६६० च्या रात्री, ऐन आषाढात, महाराज सुमारे सहाशे निवडक लोकांसह किल्ल्याबाहेर पडून विशाळगडाच्या वाटेस लागले. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. गजापूरजवळील घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन मागे थांबले, आणि महाराज गडावर पोहोचल्याची तोफ होईपर्यंत त्यांनी खिंड अडवून धरिली. त्या दिवसापासून खिंडीचे नाव पावनखिंड झाले.

आता प्रमाणाचा प्रश्न पाहू. येथे थोडे गणित करावे लागते, आणि हे गणित कंटाळवाणे मुळीच नाही. कुंभाराकडील साधारण मावळा दोन इंच उंच धरू. खरा मनुष्य पाच फूट चार इंच, म्हणजे ६४ इंच धरिला, तर आपले प्रमाण एकास बत्तीस झाले. पन्हाळा व विशाळगड यांमधील सरळ अंतर सुमारे पंचवीस मैल आहे. पायवाटेने ते पुष्कळच अधिक भरते. या प्रमाणाने दोन्ही गड एकाच देखाव्यात दाखवावयाचे तर पाऊण मैलाहून लांब मेज लागेल! नुसता पन्हाळा घ्यावा म्हटले, तरी पायथ्याच्या मुलखापासून तो सुमारे तेराशे फूट उंच आहे. बत्तीसाने भागिले तर चाळीस फूट येतात. आमच्या अंगणातील तीन फुटी किल्ल्यावर दोन इंची मावळा उभा केला की त्या किल्ल्याची खरी उंची शहाण्णव फूट होते, म्हणजे गडाच्या ऐवजी एखादी टेकडीच झाली. उलट बाजूने हिशेब केला तर अधिक मौज वाटेल. तेराशे फुटांचा गड तीन फुटांत बसवावयाचा असेल, तर त्यावरील मनुष्य मोहरीचे दोन दाणे एकावर एक ठेवल्याएवढा होईल. अशा गडाभोवती सिद्दीची छावणी खुशाल ओतावी. मात्र त्या मोहरीत बाजीप्रभू कोणते हे कोणी ओळखणार नाही.

थोडक्यात, भूमी दाखवावयाची की माणसे, याचा निर्णय आरंभीच करावा लागतो. भूमी दाखविणाऱ्या प्रतिकृतींचा सर्वांत मोठा संग्रह फ्रान्सात आहे. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा याच्या सूचनेवरून १६६८ पासून फ्रान्सच्या सीमेवरील तटबंदीच्या शहरांच्या लाकडी प्रतिकृती एकास सहाशे या प्रमाणाने करविण्यात आल्या, आणि त्या पॅरिस येथील अँव्हालीद या वास्तूत आजही पाहावयास मिळतात. त्यांत गल्लीबोळ, बुरूज, खंदक सर्व काही आहे; माणूस मात्र नाही, कारण त्या राजास व सेनापतींस वेढ्याचा विचार करण्याकरिता हव्या होत्या. दोन्ही साधण्याचा भगीरथ प्रयत्न कॅप्टन विल्यम सायबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केला. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईचा देखावा करण्याचे काम त्याजकडे १८३० साली आले. त्याने रणभूमीवरील एका शेतघरात आठ महिने राहून जमिनीची मोजणी केली, लढाईतील हयात अधिकाऱ्यांस पत्रे पाठवून कोण कोठे उभा होता हे विचारिले, आणि १८३८ साली सुमारे सत्तावीस फूट लांबीचा, पाऊण लाखाच्या आसपास शिशाची माणसे असलेला देखावा लंडनात लोकांपुढे ठेविला. तो आज तेथील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. सायंकाळी सुमारे सात वाजताचा क्षण त्याने निवडला होता. त्या क्षणी प्रशियाचे सैन्य किती जवळ येऊन पोहोचले होते, यावरून मोठा वाद माजला. कारण त्या माणसांच्या जागेवरून विजयाचे श्रेय ठरत होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पक्षाची मर्जी खप्पा झाली, आणि अखेर सायबॉर्नला बिचाऱ्याला पुष्कळशी प्रशियन माणसे उचलून घ्यावी लागली. देखाव्यात माणूस कोठे उभा करावा हा प्रश्न केवळ शोभेचा नसतो, हे यावरून ध्यानात येईल.

आपण माणसे निवडली आहेत. यास्तव भूमी तेवढीच घ्यावी जेवढी एकास बत्तीस प्रमाणाने फळ्यावर मावेल. चार फूट लांब व तीन फूट रुंद असा फळा घेतल्यास त्यावर १२८ फूट लांब व ९६ फूट रुंद जमीन दाखविता येते. एका खिंडीच्या तोंडास एवढी पुरे. दोन्ही बाजूंचे चढ दोन फूट उंच केले की ते खऱ्या मापाने चौसष्ट फुटी होतात.

क्षण कोणता घ्यावा? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जखमांनी न्हालेले, दोन्ही हातांत शस्त्र घेतलेले बाजीप्रभूच येतील, आणि ते चित्र काही खोटे नव्हे. आमची निवड मात्र वेगळी आहे. महाराज पुढे निघून गेले आहेत, गनीम खिंडीच्या खालच्या तोंडाशी दिसू लागला आहे, आणि तोफ अजून व्हावयाची आहे, हा क्षण आम्हांस अधिक बोलका वाटतो. यात काही लोक दगड रचीत आहेत, कोणी गोफणीत धोंडा घालीत आहे, कोणी नुसता खाली बसून दम घेत आहे. पुढे काय होणार हे पाहणारास ठाऊक असते, त्या माणसांस ठाऊक नसते; देखाव्याचे सारे बळ यात आहे. या क्षणाची एक अट अशी की देखाव्यात महाराज कोठेही नाहीत. मुलांस हे जड जाईल. घरची मंडळी, शेजारीपाजारी, कदाचित परीक्षकही विचारतील, ‘महाराज कुठे आहेत?’ ‘विशाळगडाच्या वाटेवर’ असे उत्तर द्यावे आणि खिंडीच्या वरच्या तोंडाकडे, फळ्याच्या कडेपर्यंत गेलेल्या चिखलातील पावलांकडे बोट दाखवावे. महाराज तेथे नसावेत म्हणून तर तीनशे माणसे तेथे राहिली.

एका क्षणाचे बंधन थोरामोठ्यांनीही नेहमी पाळले आहे असे नाही. नाताळात गव्हाणीचा देखावा मांडण्याची चाल पुष्कळ ख्रिस्ती घरांतून आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो या गावी असा देखावा केला होता. त्यात मेंढपाळ व पूर्वेकडील ज्ञानी लोक एकाच वेळी बाळाभोवती उभे असतात. शुभवर्तमाने पाहिली तर मेंढपाळांची हकीकत लूकने सांगितली आहे व ज्ञानी लोकांची मत्तयाने, आणि मत्तयाच्या वृत्तांतात ते लोक घरात आले असे आहे. भक्तीच्या देखाव्यास हे शोभून दिसते. लढाईच्या देखाव्यास ही सवलत घेता येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. फळ्यावर नुसती माती थापण्याचा मोह टाळावा. चार फूट बाय तीन फूट फळ्यावर सरासरी तीनच इंच माती घातली तरी तिचे वजन सव्वाशे किलोंच्या वर जाते. मग तो देखावा कोणास उचलवणार? शिवाय वाळली की तिला भेगा पडतात. चढाच्या आकाराच्या लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर बारीक तारेची जाळी ताणावी आणि जाळीवर खळीत भिजविलेल्या वर्तमानपत्राचे चार-पाच थर चढवावेत. खळीत चिमूटभर मोरचूद घातला तर कसर लागत नाही, हे जुन्या पुस्तकबांधणीकारांस ठाऊक असते. मात्र मोरचूद विषारी आहे, तेव्हा ते काम वडीलधाऱ्यांनीच करावे. थर सुकल्यावर चाळलेली माती सरसात कालवून वरून पातळ लेप द्यावा.

खिंडीचे खडक हे या देखाव्याचे मुख्य पात्र होय. रस्त्याच्या कामावरील फोडलेल्या काळ्या खडीहून चांगले साधन नाही. तिच्या फुटलेल्या कडा सह्याद्रीच्या कड्यांसारख्याच दिसतात, कारण दगड तोच आहे. इंचभर खडी म्हणजे सुमारे पावणेतीन फुटी धोंडा, आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खडा म्हणजे मुठीत मावेल असा फेकण्याचा दगड. अशा ‘ज्वारी’ची रास प्रत्येक मोर्चाजवळ घालावी. खिंडीतून ओढा वाहतो. त्याचे पात्र काळपट रंगवून त्यावर पारदर्शक रोगणाचे तीन-चार हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. तेच रोगण खडकांच्या वरच्या बाजूस हलके फिरविले की खडक ओले दिसतात.

पाऊस दाखविण्याकरिता दोरे टांगणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. ते करू नये. पाऊस त्याच्या परिणामावरून दाखवावा: गुडघ्यापर्यंत चिखल, अंगास चिकटलेली वस्त्रे, डोक्यावर घोंगडीची खोळ, वाटेतील डबकी. दिवाळीच्या किल्ल्याचा हिरवा रंग आणि आषाढातील सह्याद्रीचा हिरवा रंग यांतही पुष्कळ अंतर आहे. दुसरा अधिक काळसर, धुक्याने पुसट झालेला असतो. हळीवांविषयी म्हणाल, तर इंचभर वाढलेले हळीव या प्रमाणाने कमरेएवढे गवत होते आणि तेवढ्यापुरते ते शोभते. परंतु दोन इंच झाले की मावळा त्यात बुडाला! दोन दिवसांहून अधिक टिकवावयाचे असल्यास लाकडाचा भुसा रंगवून वापरावा. घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीचे तुकडे हिरव्या रंगात बुडविले की उत्तम झुडपे होतात. फूटभर उंचीची काटकी म्हणजे बत्तीस फुटी वृक्ष, हे विसरू नये.

माणसे विकतची घेऊन चालेल काय? थोडीबहुत चालतील. परंतु बाजारातील मावळा ताठ उभा असतो, आणि आपली माणसे रात्रभर चिखल तुडवून आलेली आहेत. यास्तव निदान वीस-पंचवीस माणसे तरी स्वतः करावीत. बारीक तारेचा सांगाडा वाकवून त्यास हवी ती ढब द्यावी, त्यावर कागदाचा लगदा मिसळलेली शाडू चढवावी व सावलीत वाळवावी. तलवार सव्वा इंचाहून मोठी करू नये. तट्टू दाखविल्यास त्याची पाठ दीड इंचावर असावी. रंग देताना प्रथम पांढरा हात, मग अंगाचे व वस्त्रांचे रंग, आणि शेवटी मातकट पातळ रंग पायांपासून वर पुसट करीत न्यावा. सर्वांस एकसारखी लाल मुंडाशी देण्याचे कारण नाही.

तीनशे माणसे करावी लागतील या धास्तीने कोणी मागे सरू नये. खिंडीची रुंदी एके ठिकाणी वीस फूट धरली, तर आपल्या फळ्यावर ती साडेसात इंच होते. तलवार फिरविण्यास प्रत्येकास चार-पाच फूट जागा लागते; तेव्हा तेथे एका रांगेत चार-पाच माणसांहून अधिक लढू शकत नाहीत. पाच माणसे त्या साडेसात इंचांत उभी करून पाहावी, म्हणजे हजारोंचा जमाव का अडला हे न सांगता समजते. बाकीचे मावळे मागे व वरच्या चढांवर विखरून ठेवावेत. फळ्याच्या कक्षेत चाळीस-पन्नास माणसे पुरतात.

शत्रूची माणसे करताना अधिक काळजी घ्यावी, कारण तेथे पूर्वग्रह फार लवकर शिरतो. विक्राळ तोंडे, बटबटीत डोळे असे राक्षस करू नयेत. सिद्दी जौहर हा मूळचा हबशी, कर्तबगार सरदार होता. भर पावसात चार महिने वेढा चालविणे हे सामान्य सेनापतीचे काम नव्हे. आणि हबशी केवळ एकाच बाजूस होते असेही नाही: वेढा फोडण्याकरिता नेताजी पालकरांबरोबर जी फौज गेली तीत सिद्दी हिलाल हा सरदार आपल्या मुलासह महाराजांच्या बाजूने लढला. मसूदची माणसेही तोच चिखल तुडवीत, तितकीच दमून खिंडीशी आली होती. दोन्हींकडील माणसांचे पाय सारखेच माखलेले दाखवावेत.

पाठीमागे आकाशाचा पडदा लागतो. ‘डायोरामा’ हा शब्दच मुळी पडद्यावरून आला. पॅरिसमध्ये १८२२ साली दागेर याने प्रचंड चित्रपटांवर पुढून-मागून प्रकाश पाडून जे देखावे दाखविले त्यांचे ते नाव. पडदे रंगविण्यात तर कोल्हापूर कोणास हार जाणारे नाही. बाबूराव पेंटर व त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटकमंडळ्यांकरिता पडदे रंगविले, आणि पुढे बाबूरावांनी आपल्या चित्रपटांत रंगविलेल्या पडद्यांच्या जागी उभारलेली दृश्ये आणिली. त्यांच्या कामापासून घेण्याजोगी गोष्ट अशी की पडदा व उभारणी यांचा सांधा कोठे आहे हे कळता कामा नये. फळ्याच्या मागील कडेस धुके रंगवून, पुढे झुडपांची ओळ ठेविली की सांधा झाकतो. प्रकाश एकाच बाजूने, वरून व मंद असावा. रंगीबेरंगी दिव्यांच्या माळा आकाशकंदिलाजवळच राहू द्याव्यात.

जमीन पाहण्याकरिता सायबॉर्नला आठ महिने लागले. आमच्या विद्यार्थ्यांस तीन दिवस पुरतील. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे दरवर्षी पावसाळ्यात शेकडो लोक पायी जातात. त्यांजबरोबर जावे, वही तेलकागदात गुंडाळून न्यावी, आणि खडकांची ठेवण, ओढ्याचे वळण, मातीचा रंग जागच्या जागी टिपून घ्यावा.

ज्यांजपाशी मोठा फळा ठेवण्यास जागा नाही त्यांच्याकरिता याच रात्रीचा आणखी एक प्रसंग सुचवितो. त्यास हातभर फळी पुरते. त्या रात्री पालख्या दोन होत्या. दुसरीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसला होता. ती पालखी सिद्दीच्या लोकांनी पकडली, सोंग उघडकीस आले आणि शिवा मारला गेला; पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्याची समाधी आहे. सभोवार मशाली, मध्ये पालखी, पडदा अर्धा सरलेला. दांडी पावणेचार इंचांची करावी, म्हणजे ती खऱ्या मापाने दहा फुटी होते. शिवाचा चेहरा सर्वांत शेवटी, हात स्थिर झाल्यावर रंगवावा. भोई मात्र घरीच करावे लागतील. ते बाजारात कोणी विकत नाही.